यादी म्हणजे शिफारस नव्हे

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्यापैकी जे वाशिम जिल्ह्यात मराठी शिकवतात त्यांच्याकडे दोन विद्यार्थी एक वाद घेऊन आले. मानोऱ्याहून वाशिमला येणाऱ्या एस. टी.त हे दोघे शेजारी बसतात. मोबाइल एक, इअरफोन एक. त्याची एक वायर एकाच्या कानात, दुसरी दुसऱ्याच्या. त्या दिवशी त्यांनी बीटल्सचा 'रबर सोल' हा १९६५ सालचा अल्बम ऐकला होता. एकाचे म्हणणे, "यात नुसतं गाणंच आहे सर, वाद्यं जवळपास नाहीतच." दुसऱ्याचे म्हणणे, "गाणारे कुठंतरी दूर बसले हायेत, वाजवणारेच समोर हायेत." दोघेही खरे बोलत होते. त्या अल्बमच्या मूळ स्टिरिओ मिश्रणात बहुतेक गाण्यांतील आवाज एका बाजूला आणि बरीचशी वाद्ये दुसऱ्या बाजूला ठेवलेली आहेत. इअरफोनची वाटणी झाली तेव्हा अल्बमचीही वाटणी झाली, आणि प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा अल्बम आला.

हा अल्बम त्यांनी ज्या यादीवरून निवडला होता ती यादीही आम्ही पाहिली. 'आयुष्यात एकदा तरी ऐकावेत असे शंभर अल्बम' या धर्तीची ती होती. वहीत स्वच्छ अक्षरात उतरवून घेतलेली. क्रमांक, नाव, साल आणि पुढे एखादे विशेषण : 'अप्रतिम', 'कालातीत', 'वेड लावणारा'. ऐकून झालेल्या नावांपुढे बरोबरची खूण. अशा तेवीस खुणा झाल्या होत्या. त्यांतले काय आवडले, असे विचारले तेव्हा उत्तर आले, "ऐकलं, पण समजलं नाही काही. पण खूण केली." यादी कशासाठी उतरवली, हे विचारल्यावर मात्र तो विद्यार्थी थोडा थांबला. एका मोठ्या शहरातील कार्यशाळेत त्याला 'तू काय ऐकतोस?' असे विचारले गेले होते. त्याने आनंद शिंदे यांचे नाव घेतले आणि आपल्या तांड्यावरील लेंगी गीतांचे. कोणी काही वाईट बोलले नाही, फक्त हसले. परत आल्यावर त्याने यादी मिळवली.

प्रस्तुत लेख त्या हसण्याविरुद्ध आणि त्या यादीविरुद्ध आहे. आमच्या मते ही दोन्ही एकाच वृत्तीची अपत्ये आहेत. त्याचबरोबर, 'मराठीच्या विद्यार्थ्याला हवेत कशाला हे इंग्रजी अल्बम?' असे म्हणून प्रश्नच निकालात काढणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांविरुद्धही तो आहे. आम्ही स्वतः हे संगीत ऐकतो, त्यावर प्रेम करतो आणि इतरांनी ते ऐकावे असे आम्हांला मनापासून वाटते. म्हणूनच ते कसे सुचवले जाते याविषयी आमची तक्रार आहे.

प्रथम शिफारस म्हणजे काय ते पाहू. यासाठी वाशिमबाहेर जाण्याचीही गरज नाही. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा चौथ्या शतकातील राजा प्राकृत कवीही होता. श्रीकृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणल्याची कथा सांगणारे 'हरिविजय' हे काव्य त्याने रचले. ते काव्य आज उपलब्ध नाही. मग ते थोर होते हे आपल्याला कसे कळते? कारण सुमारे पाच शतकांनंतर, दूर काश्मिरात बसून आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात त्याची शिफारस केली आहे. ही शिफारस 'हरिविजय अप्रतिम आहे' अशी नाही. परंपरेने आलेल्या कथेतील रसाला प्रतिकूल भाग कवीने टाकून द्यावा आणि रसाला अनुकूल असा नवा भाग कल्पावा, हा मुद्दा मांडताना आनंदवर्धन उदाहरणे देतो. कालिदासाच्या प्रबंधांनंतर सर्वसेनाचे 'हरिविजय' येते आणि त्यानंतर स्वतः आनंदवर्धनाचे 'अर्जुनचरित'. पुढे कुंतकाने सुकुमार मार्गाचे कवी म्हणून कालिदासाच्या जोडीने सर्वसेनाचे नाव घेतले.

येथे तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, आनंदवर्धनाने कारण दिले. दोन, ते कारण तपासता येण्याजोगे होते. काव्य हाती असलेल्या वाचकाला 'कोणता भाग टाकला, कोणता कल्पिला' हे पाहून त्याच्याशी भांडता आले असते. तीन, हे कारण इतके नेमके होते की काव्य हरवल्यावरही ते शिल्लक राहिले. 'अर्जुनचरित'ही हरवले आहे; पण त्याच्या कर्त्याला काव्यात काय हवे होते ते आपल्याला ठाऊक आहे. विशेषणांची यादी मात्र मूळ वस्तूबरोबरच मरते. उद्या ते शंभर अल्बम नाहीसे झाले तर 'अप्रतिम' आणि 'वेड लावणारा' या शब्दांतून एकाही सुराचा माग लागणार नाही. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच वत्सगुल्मात लावून दिला. कलाकृती आणि तिच्याविषयीचे शास्त्र यांचा संसार जिथे मांडला गेला त्या गावच्या विद्यार्थ्याने कारणाविना कोणतीही शिफारस स्वीकारू नये, एवढे तरी आपण त्याला शिकवले पाहिजे.

आता ज्या दोन शब्दांभोवती या याद्या फिरतात त्यांच्याकडे वळू. 'इंडी' हा शब्द हल्ली एखाद्या चवीचे नाव असल्यासारखा वापरला जातो : किंचित उदास, किंचित ओबडधोबड, गिटारप्रधान असे काहीतरी. मुळात तो व्यवहारातला शब्द आहे. मोठ्या कंपन्यांवर अवलंबून न राहता काढलेली ध्वनिमुद्रिका ती 'इंडी'. १९७७च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स या गटाने सुमारे ५०० पौंड उसने घेऊन 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. तिच्या वेष्टनावर कोणते गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले हेदेखील छापले होते. कारखान्याचे दार उघडे टाकून 'बघा, हे असे बनते, तुम्हीही करा' असे सांगण्याचा तो प्रकार होता. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला हे परके वाटण्याचे काहीच कारण नाही. साठच्या दशकातील 'असो', 'वाचा', 'फक्त' या अनियतकालिकांनी दुसरे काय केले? प्रस्थापित मासिकांच्या संपादकांची वाट न पाहता, पदरमोड करून, हाती असेल त्या साधनाने छापले आणि वाटले. आमचे विद्यार्थी अनियतकालिकांवर वीस गुणांचा प्रश्न सोडवतात. 'इंडी' या शब्दाची ओळख त्यांना याच वाटेने करून दिली तर तो एका क्षणात त्यांचा होतो. एकाही यादीने हे केलेले आम्ही पाहिले नाही.

'सायकेडेलिक' या शब्दाची गोष्ट अधिक अडचणीची आहे. हंफ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ साली ऑल्डस हक्स्ली यांच्याशी चाललेल्या पत्रव्यवहारात तो घडवला. ग्रीक धातूंवरून अर्थ लावायचा तर 'मनाला प्रकट करणारे'. त्याचा जन्म मादक द्रव्यांच्या प्रयोगांतून झाला हे लपवण्यात अर्थ नाही. त्या द्रव्यांनी त्या पिढीतील गुणी माणसांचे काय केले तेही लपवू नये. पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम बव्हंशी ज्याच्या गाण्यांवर उभा होता तो सिड बॅरेट १९६८मध्येच गटाबाहेर पडला आणि पुढे जवळजवळ कायमचा अबोल झाला. या शोकांतिकेला 'वेडेपणाचे वलय' म्हणून मिरवणारे लेखन आम्हांला किळसवाणे वाटते. पण या संगीताचा परिणाम द्रव्याने घडलेला नाही, तो कारागिरीने घडला आहे. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' (१९६६) या अल्बमचा शेवट ज्या गाण्याने होतो ते जवळजवळ एकाच स्वरसंघावर उभे आहे. खाली तंबोऱ्याचा सलग षड्ज, वर फिती कापून, जोडून, उलट्या फिरवून मिळवलेले ध्वनी. हे काम करणाऱ्यांना घड्याळ पाहावे लागते, कात्री सरळ धरावी लागते. नशेत असल्याचा भास शुद्धीत राहूनच घडवावा लागतो, जसा नटाला.

हेच गाणे ऐकून त्या दोघांपैकी एकाला आपल्या तांड्यावरची होळीची रात्र आठवली. डफाच्या ठेक्यावर, त्याच त्याच ओळीकडे पुन्हा पुन्हा येत जाणारी लेंगी. ही आठवण मोलाची आहे. पण तिचे काय करायचे, हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे आणि येथेच आमचे विद्वान दोन्हीकडून घसरतात. पहिला वर्ग म्हणतो, कुठे बीटल्स आणि कुठे लेंगी! हा वर्ग म्हणजे कार्यशाळेतले हसणे. दुसरा वर्ग टाळ्या पिटतो : पाहा, हे सगळे आपल्याकडे आधीच होते! हा दुसरा वर्ग वरकरणी प्रेमळ दिसतो, पण तो अधिक घातक आहे. कारण 'आधीच होते' म्हणताना तो ना बीटल्स ऐकत असतो ना लेंगी. लेंगी समूहाने गायची असते. तिथे श्रोता असा वेगळा बसलेला नसतो. जो येतो तो गातो, नाचतो. उलट ते गाणे बंद खोलीत फितींचे तुकडे जोडून बनले. चौघांनाही ते रंगमंचावर जसेच्या तसे वाजवता आले नसते. एकीत काळ लोकांच्या पायांनी मोजला जातो, दुसऱ्यात फितीच्या लांबीने. साम्य दिसल्यावर समीक्षा सुरू होते, संपत नाही. आणि पोहरादेवीच्या जिल्ह्यातील गाण्याला लिव्हरपूलच्या प्रमाणपत्राची गरज नाही, हेही एकदा स्पष्ट म्हटलेले बरे.

आता आमच्या शिफारशी. त्या मोजक्याच आहेत आणि प्रत्येकीमागे कारण आहे. कारण पटले नाही तर अल्बम ऐकून आमच्याशी भांडावे.

पहिली शिफारस द झोम्बीज या इंग्रज गटाच्या 'ओडेसी अँड ऑरेकल' (१९६८) या अल्बमची. तो प्रसिद्ध होण्याआधीच गट मोडला होता. मुखपृष्ठ रंगवणाऱ्या मित्राने शीर्षकातील पहिल्या शब्दाचे स्पेलिंगही चुकवले आणि तसेच छापले गेले. पण आम्ही तो सुचवतो तो या किश्शांसाठी नव्हे. त्याचे पहिले गाणे ऐका. चाल इतकी प्रसन्न की वसंतोत्सवाचे गाणे वाटावे. शब्द मात्र तुरुंगातून लवकरच सुटणाऱ्या प्रिय व्यक्तीला लिहिलेल्या पत्राचे आहेत. चालीचा भाव आणि शब्दांचा प्रसंग यांतील या अंतरामुळे गाणे भाबडे होत नाही. याच अल्बमात पहिल्या महायुद्धातील एका सैनिकाचे स्वगत आहे. हा सैनिक नागरी आयुष्यात खाटीक होता. त्याला साथ आहे ती संगीत नाटकाच्या प्रेक्षकांना सहज ओळखू येईल अशा, पायाने भाता चालवायच्या जुन्या ऑर्गनची. गट त्या वेळी ज्या तरल आवाजासाठी ओळखला जात होता त्याऐवजी हे गाणे लिहिणाऱ्यानेच आपल्या कापऱ्या आवाजात ते गायले आहे. तो कापरेपणा हाच त्या गाण्याचा अर्थ आहे. नाट्यसंगीतात 'गायकी' आणि 'भूमिका' यांचा झगडा शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी हे गाणे वर्गात जरूर लावावे.

दुसरी शिफारस लव्ह या लॉस एंजेलिसच्या गटाच्या 'फॉरेव्हर चेंजेस' (१९६७) या अल्बमची. ज्या वर्षी कॅलिफोर्नियात फुले आणि प्रेम यांचा उत्सव चालला होता त्याच वर्षी, त्याच प्रदेशात, बावीस वर्षांचा कृष्णवर्णीय गीतकार आर्थर ली आपण लवकरच मरणार या ठाम समजुतीने गाणी लिहीत होता. विद्युतगिटारचा गोंगाट जवळजवळ नाही; साधी गिटार, तंतुवाद्यांचा ताफा, मेक्सिकन धाटणीचे तुतारीसारखे ट्रम्पेट. वाक्य एका ठिकाणी तुटते आणि त्याचा शेवटचा शब्द पुढच्या वाक्याचा पहिला शब्द होऊन बसतो, अशी रचना येथे आढळते. मर्ढेकरांनी मोडलेली ओळ वाचायला शिकलेल्या वाचकाला त्यातला ताण कळेल. हा अल्बम त्या वेळी अमेरिकी विक्रीच्या यादीत दीडशेव्या क्रमांकाच्याही खाली राहिला. उत्सवाच्या मधोमध उभे राहून अशुभ बोलणाऱ्याला गर्दी कशी वागवते, याचा तो पुरावा आहे.

तिसरी शिफारस आम्ही जाणूनबुजून वादासाठी करतो. ब्राझीलमधील 'त्रोपिकालिया' (१९६८) हा सामूहिक अल्बम : जिल्बेर्तो जिल, काएतानो वेलोझो, गाल कोस्ता, तोम झे, ओस मुतांतेस. १७ जुलै १९६७ रोजी साओ पावलोमध्ये विद्युतगिटारच्या विरोधात मोर्चा निघाला होता. देशी संगीत वाचवा, परदेशी वाद्य हाकला, हा त्याचा आशय. या मोर्चात जिल स्वतः सामील होते आणि पुढच्याच वर्षी विद्युतगिटार घेऊन ते या अल्बमात उभे राहिले. ही गद्दारी होती काय? त्यांच्या पिढीला उत्तर सापडले ते ओस्वाल्द दे आन्द्रादे या कवीच्या १९२८ सालच्या 'नरभक्षक जाहीरनाम्या'त. परक्याला हाकलू नये, त्याची नक्कलही करू नये. त्याला खाऊन पचवावे, असा त्याचा आशय. त्या पचनाची किंमतही मोजावी लागली. १९६८च्या डिसेंबरात लष्करी राजवटीने नागरी हक्क गुंडाळले, जिल आणि वेलोझो यांना अटक झाली आणि पुढील काही वर्षे त्यांना लंडनमध्ये परागंदा राहावे लागले. लष्कराला हा अल्बम 'परदेशी' वाटला म्हणून नव्हे, तर तो फारच ब्राझीलचा वाटला म्हणून त्याची भीती वाटली असावी, असे आमचे मत आहे. पुढे २००३ ते २००८ या काळात हेच जिल ब्राझीलचे सांस्कृतिक मंत्री होते.

हे सांगण्याचे प्रयोजन उघड आहे. देशीवादाचे नाव घेऊन कान झाकून बसणाऱ्यांची संख्या आमच्या विद्यापीठांतून कमी नाही. ज्या भालचंद्र नेमाडे यांचे नाव ते घेतात त्यांनी इंग्रजी शिकवले, मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याचे अध्यासन भूषवले. आपल्या जमिनीत उभे राहून जगाशी बोलायचे, हा देशीवादाचा उपयोगाचा अर्थ. जमिनीत डोके खुपसायचे, हा शहामृगाचा अर्थ. आणि मराठी कवितेचा या संगीताशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांना अरुण कोलटकरांची आठवण करून द्यावी लागते. 'जेजुरी' लिहिणारा हा कवी ब्लूज आणि रॉक यांचा कसून अभ्यास करीत होता, त्याच काळात अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकत होता आणि इंग्रजीत गाणी लिहून ती मुद्रितही करीत होता. त्यांच्या निधनानंतर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' या संग्रहात त्या गीतांचा स्वतंत्र विभाग आहे. पखवाज आणि गिटार या माणसाच्या घरात एकमेकांशी भांडत नव्हते. भांडण आमच्या अभ्यासमंडळांत आहे.

चौथी शिफारस कॉर्नरशॉप या इंग्लंडमधील गटाच्या 'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम' (१९९७) या अल्बमची. कोपऱ्यावरचे किराणा दुकान चालवणारा आशियाई माणूस, या वंशवादी ठोकळ्यालाच त्यांनी आपले नाव केले. त्यांचे सर्वाधिक गाजलेले गाणे आशा भोसले यांच्याविषयी आहे. इंग्लंडच्या कारखानदार गावांत वाढणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांना ४५ फेऱ्यांच्या तबकडीवरील आवाज कसा आधार देत होता, हे ते सांगते. १९९८मध्ये त्याची नृत्यासाठी केलेली आवृत्ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली, आणि ज्यांना आशा कोण हे ठाऊक नव्हते तेही तिचे नाव घेत नाचले. अल्बमचा शेवट होतो तो बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वुड' या गाण्याच्या पंजाबी रूपाने. १९६५मध्ये याच गाण्यात जॉर्ज हॅरिसन यांनी सतार वाजवली होती. पाहुण्याने नेलेली वस्तू येथे घरच्या भाषेत परत आली आहे. उसनवारी आणि परतफेड यांवर भाषणे देण्यापेक्षा हे तीन मिनिटांचे गाणे लावावे.

पाचवी शिफारस वरील व्याख्यांत नीट बसत नाही, म्हणूनच करतो. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाद्ये वाजवणारे कलावंत. त्यांनी १९८२ साली 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा अल्बम काढला. भैरव, ललित, तोडी, मधुवंती, मालकंस असे दहा राग आणि खाली रोलंड कंपनीच्या तालयंत्राचा न थकणारा ठोका. काढला तो मोठ्या कंपनीनेच, पण तो चालला नाही. एका डच संग्राहकाला तो दिल्लीतील दुकानात सापडला आणि २०१०मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाला. मग पाश्चात्त्य नियतकालिकांनी शिकागोच्या यांत्रिक नृत्यसंगीताचा पूर्वज म्हणून त्याचा जयजयकार केला. आमचे म्हणणे एवढेच, की 'आधी केले' हे गुणाचे कारण नव्हे. गुण आहे तो ललितात, जिथे दोन मध्यमांमधील नाजूक अंतर त्या यंत्राच्या घसरत्या स्वरांवर तोलून धरले आहे. आणि उणीव आहे ती अशी, की ठोका कधीच बदलत नसल्यामुळे दहा रागांचे दहा प्रहर एकाच संध्याकाळीत कोंबल्यासारखे होतात. शिफारशीत उणीवही सांगावी. जो सांगत नाही तो दलाल.

एका अल्बमची शिफारस मात्र आम्ही करणार नाही, जरी तो आम्हांला प्रिय आहे : न्यूट्रल मिल्क हॉटेल या अमेरिकी गटाचा 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी' (१९९८). ॲन फ्रँकची डायरी वाचून हादरलेल्या जेफ मँगम यांनी तो लिहिला. करवतीवर धनुकली फिरवून काढलेला आवाज, फुटका गिटार, गळा फाटेपर्यंतचे गाणे. मोठे काम आहे. परंतु गेल्या दोन दशकांत हा अल्बम ऐकण्याची वस्तू राहिला नाही. 'आम्ही कोण' हे सांगण्याचे ओळखपत्र झाला. ज्यांना तो सापडायचा त्यांना तो डायरीच्या वाटेने सापडू दे. आधी ॲन फ्रँक वाचा.

यावर एक उत्तर आम्हांला हमखास मिळते : आता माणसांच्या शिफारशी हव्यात कशाला, यंत्र तुमची आवड ओळखून पुढचे गाणे आपोआप लावते की! बरोबर आहे, लावते. 'ज्यांनी हे ऐकले त्यांनी तेही ऐकले' एवढेच त्याचे शास्त्र. ते कारण देत नाही, म्हणून त्याच्याशी भांडता येत नाही. आणि ज्याच्याशी भांडता येत नाही तो समीक्षक नव्हे, सासरा आहे. शिवाय त्याला साम्य तेवढे कळते. आनंद शिंदे ऐकणाऱ्याला ते आणखी आनंद शिंदे देईल, बीटल्स ऐकणाऱ्याला आणखी बीटल्स. एकाच एस. टी.त, एकाच इअरफोनच्या दोन टोकांना बसलेल्या त्या दोघांना ते दोन वेगळ्या खोल्यांत नेऊन बसवील. सर्वसेनाकडून आनंदवर्धनाकडे, विदर्भाकडून काश्मिराकडे जी उडी पडली ती साम्याची नव्हती. ती कुणीतरी कारण दिल्यामुळे पडली.

त्या यादीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. आम्ही ती फाडायला सांगितली नाही. वही त्याची, कष्ट त्याचे. त्याला एवढेच सुचवले, की खुणेऐवजी प्रत्येक नावापुढे एक वाक्य लिही, आणि त्या वाक्यात 'अप्रतिम' हा शब्द नको. दोन महिन्यांनी त्याने वही आणून दाखवली. तेवीस खुणांपैकी एकोणीस त्याने स्वतःच खोडल्या होत्या. चार वाक्ये होती. शेवटच्या पानावर मात्र त्याने न सांगता एक नवी यादी सुरू केली होती : आपल्या तांड्यावर गायल्या जाणाऱ्या लेंग्यांची. प्रत्येकीपुढे कोण गाते, कोणत्या वेळी गाते आणि आजी कोणती ओळ वेगळी म्हणते, हे लिहिले होते. विशेषण एकही नव्हते.

कार्यशाळेत हसलेल्या मंडळींनी ती वही पाहावी, असे आम्हांला वाटते. पण त्यांनी प्रथम दोन्ही कानांत इअरफोन घालून 'रबर सोल' नीट ऐकावा. अर्धाच ऐकलेला असण्याची शक्यता त्यांच्याही बाबतीत नाकारता येत नाही.